आर्गॉन वेल्डिंगमध्ये टंगस्टनचं टोक वारंवार खराब होतंय? रॉड बदलण्याआधी टोक बघा

तक्रार नेहमीची. टॉर्चमधल्या टंगस्टनच्या रॉडने आर्क (विजेची सलग ठिणगी) लावला की सुरुवातीला छान चालतो, दोन-तीन इंच शिलाई (वेल्डची रेघ) झाली की आर्क इकडेतिकडे पळायला लागतो, टोक काळं पडतं नाहीतर गोळा होतं, आणि पुन्हा ग्राइंडरकडे. दिवसाकाठी अर्धी रॉड घासण्यातच जाते. मग दुकानातून दुसऱ्या रंगखुणेच्या रॉडची पेटी येते, दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी तेच.

रंग चुकलेला असतो असं काही वेळा घडतं, आणि ते कधी हे खाली सविस्तर येईलच. पण आधी टॉर्चमधली जळकी रॉड तशीच बाहेर काढा आणि ट्यूबलाइटखाली धरून नीट बघा. दोष कुठे आहे हे टोकावर लिहिलेलं असतं. ते घासून टाकलं की पुरावाच जातो.

टोक कसं वाचायचं

चांगलं टोक काम थांबल्यावर चांदीसारखं लख्ख दिसतं, आणि घासलेल्या रेघा अजून ओळखू येतात. तसं असेल तर गॅस, पोलॅरिटी (टॉर्च मायनसला की प्लसला), करंट तिन्ही बरोबर आहेत.

टोकापासून वरपर्यंत निळी-जांभळी झाक असेल तर टंगस्टन गरम असतानाच गॅस बंद झाला. आर्क चालू असताना सगळं ठीक होतं, बिघडलं ते आर्क विझल्यानंतर.

काळपट, मळकट, बोटाला भुकटी लागणारं टोक म्हणजे आर्क चालू असतानाच हवा आत येते आहे. भुकटी पिवळसर-हिरवट असेल आणि रॉड डोळ्यांदेखत आखूड होत असेल तर गॅसच चुकीचा जोडलाय. ज्या वर्कशॉपमध्ये मिग (तार सतत पुढे सरकणारं वेल्डिंग) आणि टिग (म्हणजे आपलं आर्गॉन वेल्डिंग) शेजारी शेजारी चालतात तिथे हे हमखास होतं. मिगचं आर्गॉन-सीओटू मिक्स सिलिंडर टिगला लागतं आणि टंगस्टन काही सेकंदांत जळून जातं. टिगला शुद्ध आर्गॉनच लागतो, ९९.९९ टक्के किंवा त्याहून वरचा. मिक्स गॅसमधल्या सीओटूमुळे तापलेलं टंगस्टन ऑक्साइड होऊन उडून जातं, मग रॉड कितीही महागाची असो.

डीसीवर टोकाला गोळा आला तर तीन शक्यता: टॉर्च प्लसला आहे, करंट रॉडच्या जाडीला झेपत नाही, किंवा हिरव्या रंगाची रॉड डीसीवर चालवताय.

टोकावर वेडावाकडा, जॉबच्याच (जोडायच्या तुकड्याच्या) धातूचा चकचकीत ठिपका चिकटला असेल तर टोक वितळलेल्या धातूत बुडलंय किंवा फिलर रॉड (जोडात भरायची तार) त्याला लागलीय. हा हाताचा दोष, टंगस्टनचा नाही. आणि टोक उभं चिरलं असेल तर घासण्याची किंवा तोडण्याची पद्धत तपासा.

सगळ्यात आधी टॉर्च कुठल्या सॉकेटला आहे ते बघा

हे वाचायला साधं वाटतं, पण छोट्या इन्व्हर्टर मशीनवर सगळ्यात जास्त टंगस्टन इथेच जातं. एकच मशीन सकाळी साध्या रॉडच्या वेल्डिंगला वापरतात. ७०१८ रॉडसाठी होल्डर प्लसला लावलेला असतो. दुपारी एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं) काम आलं की होल्डर काढून टॉर्च त्याच सॉकेटला बसते.

डीसी टिगला टॉर्च नेहमी मायनसला आणि अर्थिंग (जॉबला लावायची क्लॅम्पची केबल) प्लसला. असं जोडलं की उष्णतेचा मोठा वाटा जॉबमध्ये जातो, साधारण ७० टक्के, आणि टंगस्टनच्या वाट्याला थोडीच राहते. उलटं केलं की हिशेबही उलटतो. मायनसला दीडशे अँपिअर आरामात पेलणारी २.४ मिमीची रॉड प्लसला १५ ते ३० अँपिअरपुरतीच टिकते. ९० अँपिअरला तिचा गोळा होऊन थेंब जॉबमध्ये पडणारच.

रंगाचं नेमकं काय

रॉडच्या एका टोकाला लावलेला रंग म्हणजे त्यात कोणतं ऑक्साइड मिसळलंय याची खूण. ही खूण आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठरलेली आहे. तरी पेटीवरचा कोडही वाचत जा.

हिरवा म्हणजे शुद्ध टंगस्टन, पेटीवर डब्ल्यूपी. जुन्या ट्रान्सफॉर्मर टाइप एसी मशीनवर अॅल्युमिनिअमसाठी ही ठीक. डीसीवर आर्क लवकर धरत नाही, आणि धरला तर टोक गोल होतं. इन्व्हर्टर मशीनवर तर ती वापरूच नये.

लाल म्हणजे २ टक्के थोरियम ऑक्साइड, डब्ल्यूटी-२०. डीसीवर एसएस आणि एमएसला (साध्या लोखंडाला) उत्तम, वर्षानुवर्षं सगळीकडे हीच चालत आली. एसीवर मात्र टोकावर बारीक फुटकुळ्या येतात आणि टोक तडकतं. शिवाय थोरियम किरणोत्सारी आहे. रॉड हातात धरल्याने किंवा आर्क लावल्याने फारसं काही होत नाही, खरा धोका घासताना उडणाऱ्या धुळीचा. ती श्वासातून फुप्फुसात गेली की तिथेच बसते.

निळा म्हणजे २ टक्के लँथनम ऑक्साइड, डब्ल्यूएल-२०. सोनेरी म्हणजे त्याचंच १.५ टक्का, डब्ल्यूएल-१५. एसी-डीसी दोन्हीला चालते, आर्क पटकन धरते, टोक टिकतं, किरणोत्सार नाही. वर्कशॉपमध्ये एकच पेटी ठेवायची असेल तर डोळे झाकून निळी ठेवा. लाल रॉड जे काम करते ते सगळं ही करते, त्यामुळे लाल चालू ठेवायला आता काही कारण उरलेलं नाही.

करडा म्हणजे सेरियम, डब्ल्यूसी-२०. कमी करंटला फार छान. १ मिमीचा एसएस पत्रा, पातळ ट्यूब, ३०-४० अँपिअरचं काम. जास्त करंटवर दिवसभर चालवाल तर लवकर झिजते.

पांढरा म्हणजे झिर्कोनियम, डब्ल्यूझेड-८. फक्त एसी, फक्त अॅल्युमिनिअम आणि मॅग्नेशिअम. गोळा धरून ठेवते, धातूत थेंब सोडत नाही. डीसीला लावू नका.

एसएस आणि एमएस

मराठवाड्यात टिगचं बहुतेक काम एसएसचंच. दुधाच्या टाक्या, बल्क कूलर, भूमकडच्या खव्याच्या कढया, वाळूज-चिकलठाण्याच्या औषध कंपन्यांची पाइपलाइन, जिन्याची रेलिंग. डीसी, टॉर्च मायनसला, निळी किंवा सोनेरी रॉड. १.५ ते २ मिमी पत्र्याला १.६ मिमीची रॉड पुरते. ३ मिमी आणि वर गेलं की २.४.

एमएसला रॉड तीच, पण इथे टोक खराब होण्याचं कारण बहुधा जॉबवर असतं. रोलिंग मिलमधून आलेल्या पट्टीवरची निळी-काळी पापुद्र्यासारखी स्केल काढलीच पाहिजे, जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान १० मिमी, चकाकी येईपर्यंत. स्केल आणि गंज आर्कमध्ये उसळतात आणि शिंतोडे थेट टोकावर बसतात. जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपवर टिग लावत असाल तर जस्त आधी घासून काढा, जोडाच्या दोन्ही अंगांना २०-२५ मिमी. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, म्हणजे लोखंड वितळायच्या कितीतरी आधी त्याची वाफ होते. ती वाफ टोकावर पांढरा थर धरते, आणि छातीलाही वाईट. पितळेतही जस्त असल्यामुळे हाच त्रास होतो, तिथे ब्रेझिंग बरं. तांब्याला डीसी, निळी रॉड, एक नंबर मोठी, आणि ३ मिमीच्या वर जॉब आधी गरम करून घ्या. नाहीतर उष्णता पसरून जाते, धातू वितळत नाही म्हणून करंट वाढवला जातो आणि टंगस्टन बळी पडतं.

अॅल्युमिनिअम: इथे खरी गडबड आहे

पहिला प्रश्न मशीनचा. बाजारात मिळणारी सिंगल फेज २०० अँपिअरची स्वस्त टिग मशीन बहुतेक फक्त डीसी असतात. त्यांवर अॅल्युमिनिअम नीट होत नाही. अॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्याही वर वितळतो. तो फोडायला टॉर्च प्लसला असावी लागते, आणि टॉर्च प्लसला गेली की टंगस्टन जळतं. म्हणूनच एसी हवा, सेकंदाला कितीतरी वेळा दोन्ही दिशा. मशीनवर एसी-डीसी असं लिहिलेलं नसेल तर टंगस्टनचा रंग बदलत बसू नका, त्या मशीनवर उपाय नाही.

एसी इन्व्हर्टर असेल तर निळी रॉड घ्या, घासून टोक काढा आणि ते हलकंसं बोथट करा. पूर्वीसारखा मोठा गोळा करून सुरुवात करायची गरज नाही. काम करता करता टोकावर लहानसं घुमट येतं, तेवढं योग्य. घुमट फुगत फुगत रॉडपेक्षा जाड झालं तर एसीतला प्लस-मायनस वेळेचा बॅलन्स बिघडलाय. साफसफाईचा भाग, म्हणजे टॉर्च प्लसला असण्याचा वेळ, २५ ते ३५ टक्के पुरतो.

बॅलन्सच्या नॉबवर मात्र घोळ आहे. एका मशीनवर ३० म्हणजे साफसफाई ३० टक्के, तर दुसऱ्यावर ७० म्हणजे टॉर्च मायनसला ७० टक्के. दोन्ही एकच सेटिंग. पहिल्या मशीनची सवय असलेला माणूस दुसऱ्यावर ३० ठेवतो आणि रॉडचं लोणी होतं. मॅन्युअल हाताशी नसेल तर भंगारातल्या अॅल्युमिनिअमच्या पट्टीवर कमी करंटला आर्क लावा, नॉब फिरवा आणि शिलाईच्या कडेचा पांढरट पट्टा बघा. पट्टा रुंद होईल ती बाजू साफसफाईची. पट्टा २-३ मिमी दिसला की पुरे. फ्रीक्वेन्सी ८० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान ठेवली तर आर्क आवळलेला राहतो.

जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर पांढरी किंवा हिरवी रॉड, टोकाला गोळा, पण गोळा रॉडच्या जाडीच्या दीडपटीपेक्षा मोठा नको. मोठा झाला तर तो लोंबतो आणि आर्क भटकतो.

मोटारसायकलचं क्रँककेस कव्हर, ट्रॅक्टरचं हाउसिंग, पंपाची बॉडी असं ओतीव काम आलं तर एक वेगळीच अडचण. वर्षानुवर्षं ऑइल पिलेल्या कास्टिंगमधून आर्कखाली काळा धूर आणि बुडबुडे वर येतात, आणि दोन मिनिटांत टोक काजळतं. वरवर घासून भागत नाही. अॅसिटोनने पुसा, मग पेटत्या ज्योतीपासून लांब पूर्ण वाळू द्या, त्यानंतरच गॅस टॉर्चने हळूहळू गरम करून ऑइल बाहेर काढा, पुन्हा पुसा, तड व्ही करून उघडा आणि स्टेनलेसच्या ब्रशने घासा. हा ब्रश अॅल्युमिनिअमसाठीच राखून ठेवा. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारून त्यावर आर्क कधीही लावू नका. त्यातल्या क्लोरीनच्या द्रावणापासून आर्कमध्ये फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो.

जाडी आणि करंट

डीसी मायनसवर ढोबळ हिशेब असा: १ मिमीची रॉड ७०-७५ अँपिअरपर्यंत, १.६ मिमी साधारण ७० ते १५०, २.४ मिमी १५० ते २५०, त्यावर ३.२ मिमी. एसीवर हे आकडे बऱ्यापैकी खाली येतात, कारण अर्धाअधिक त्रास टंगस्टनलाच सोसावा लागतो. १६० अँपिअरच्या पुढे अॅल्युमिनिअम करायचं तर सरळ ३.२ घ्या.

उलटी चूकही होते. जाड रॉड आणि करंट जेमतेम ४० अँपिअर असेल तर टोक पुरेसं तापत नाही, आर्क टोकाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर उड्या मारतो. लोक याला गॅसचा दोष समजतात. रॉड एक नंबर बारीक करा.

जाडी बदलली की कोलेट (टॉर्चमध्ये रॉड पकडणारी फटीची नळी) आणि कोलेट बॉडीही त्याच मापाची हवी. २.४ च्या कोलेटमध्ये १.६ ची रॉड बॅक कॅप (टॉर्चमागची टोपी) आवळून कशीबशी बसवली तर ती धड धरली जात नाही. आत ठिणग्या पडतात, उष्णता वर टॉर्चमध्ये जात नाही, आणि रॉड वरपर्यंत लाल होते. कोलेट बाहेर काढून बघा. फट पिळवटलेली किंवा आतून काळी दिसली तर फेकून द्या.

घासणं

ग्राइंडरच्या चाकावर रॉड आडवी धरून गोल फिरवली की टोकाभोवती बांगड्यांसारख्या गोल रेघा पडतात. आर्क त्या प्रत्येक रेघेवर अडखळतो. रेघा रॉडच्या लांबीच्या दिशेने हव्यात, केरसुणीच्या काड्या मुठीकडे एकत्र येतात तशा टोकाकडे एकत्र येणाऱ्या. रॉड चाकाच्या फिरण्याच्या रेषेत धरा आणि बोटांमध्ये हळू फिरवत राहा. बॅटरीच्या ड्रिलमध्ये पकडून सावकाश फिरवली तर टोक सगळीकडून सारखं येतं.

उताराची लांबी रॉडच्या जाडीच्या दोन ते अडीच पट. म्हणजे २.४ मिमीला ५ ते ६ मिमी. सुईसारखं लांब टोक काढलं तर आर्क पसरट होतो आणि धातूत खोल जात नाही, टोक बोथट असेल तर आर्क आवळून खोल जातो. बहुतेकांचा समज उलटा असतो. १०० अँपिअरच्या आसपास आणि वर काम असेल तर टोकाचा शेंडा ०.३ ते ०.५ मिमी सपाट करा. नाहीतर तो बारीक शेंडा पहिल्याच आर्कला तुटून शिलाईत जातो. प्रेशर व्हेसलच्या एक्स-रे फिल्मवर तो पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, कारण टंगस्टन पोलादापेक्षा कितीतरी घन आहे, आणि जॉइंट नापास होतो.

चाक टंगस्टनसाठी वेगळंच ठेवा, डायमंड किंवा हिरवं सिलिकॉन कार्बाइड. ज्या चाकावर दिवसभर एमएस घासलं जातं त्यावर टोक काढलं तर लोखंडाचे कण टोकात रुततात. डागाळलेला भाग पकडीने मोडू नका, रॉड आतून उभी चिरते आणि ती चीर आर्क लागल्यावर उघडते. पातळ डायमंड डिस्कने खाच पाडून मग तोडा. मास्क कुठल्याही रंगाला हवाच, आणि लाल रॉडची धूळ असेल तर ती हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

गॅस, वारा आणि आपला उन्हाळा

नोझल (टोकाभोवतीची गॅस सोडणारी टोपी) ६ किंवा ७ नंबरची असेल तर मिनिटाला ७ ते ९ लिटर गॅस पुरतो. टोक काळं पडलं की फ्लोमीटर १५-१८ वर नेण्याची सवय आहे. त्याने उलट होतं. लहान नोझलमधून जोरात निघालेला गॅस भोवरा करतो आणि बाहेरची हवा आत ओढतो.

एप्रिल-मेमध्ये जालना, परभणी, नांदेडकडे पारा ४२-४३ ला जातो. पत्र्याच्या शेडमध्ये कूलरशिवाय उभं राहवत नाही, हे कुणीही मान्य करेल. पण कूलरचा झोत जॉबवर आला की आर्गॉनचं आवरण फुटतं. कूलर वेल्डरच्या पाठीमागे, कमरेच्या वर ठेवा, आणि जॉबच्या तीन बाजूंना पत्रा किंवा जाड ताडपत्री उभी करा. टॉर्चला गॅस लेन्स (गॅस सरळ सोडणारी जाळी) आणि ८ नंबरची नोझल लावली तर बराच फरक पडतो. त्याच दिवसांत हवेवर थंड होणारी १५० अँपिअरची टॉर्च सलग चालवू नका. मशीनचे ड्यूटी सायकलचे (सलग किती वेळ चालवायचं याचे) आकडे ४० अंशांच्या हवेला धरून दिलेले असतात, त्यावर तापमान गेलं की विश्रांती वाढवावी लागते.

पावसाळ्यात रात्रभर बंद राहिलेल्या नळीत दमट हवा शिरलेली असते. सकाळी आर्क लावण्याआधी २०-३० सेकंद नुसता गॅस सोडा. गळती शोधायला टॉर्च बंद ठेवून सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडून बंद करा आणि रेग्युलेटरचा काटा दहा मिनिटं बघा. काटा खाली आला तर साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड तपासा. काटा हलला नाही तरी टॉर्चचं डोकं उघडून बघाच. बॅक कॅपची रबरी रिंग आणि नोझलमागचा पांढरा इन्सुलेटर, यातलं एक गायब असलं की हवा तिथूनच ओढली जाते, आणि ही गळती काट्यावर दिसत नाही.

आता निळी-जांभळी झाक आलेल्या टोकाबद्दल. आर्क विझल्यावर दर १० अँपिअरला एक सेकंद गॅस चालू राहायला हवा, कमीत कमी ८ सेकंद. आणि तेवढा वेळ टॉर्च शिलाईच्या शेवटावर तशीच धरून ठेवायची. शिलाई कशी आली हे बघायला टॉर्च झटकन बाजूला केली तर गॅस हवेत जातो आणि लालबुंद टोक उघडं पडतं. हाताच्या व्हॉल्व्हच्या टॉर्चवर गॅस वाचवायला म्हणून तो लगेच बंद करतात. हिशेब करून बघा. ८ लिटरच्या फ्लोवर १० सेकंद म्हणजे दीड लिटरही गॅस नाही. ७ घनमीटरच्या सिलिंडरमध्ये ७ हजार लिटर असतो. एवढ्याशा गॅससाठी टंगस्टन जाळणं परवडत नाही.

सगळं तपासूनही शंका राहिली तर एक चाचणी. एसएसचा स्वच्छ तुकडा घ्या, नवं टोक काढा, ६०-७० अँपिअरला एकाच जागी पाच सेकंद आर्क धरा, फिलर नको. आर्क बंद करून टॉर्च तिथेच दहा सेकंद ठेवा. ठिपका चांदीसारखा किंवा हलका सोनेरी आला आणि टोकही लख्ख राहिलं तर गॅस, टॉर्च, पोलॅरिटी निर्दोष, दोष जॉबच्या सफाईत किंवा हातात शोधा. ठिपका काळा-करडा आला तर गॅसच्या वाटेवरच काहीतरी आहे. ठिपका चांगला पण टोकाला गोळा आला, तर मायनस-प्लस आणि रॉडचा रंग पुन्हा बघा.

रॉडचा रंग बघायचा म्हटलं तर तो शिल्लक असायला हवा. रंगाचं टोक कधीही घासू नका. रंग गेलेल्या रॉडा एकाच डब्यात पडल्या की लाल कोणती, निळी कोणती हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. एसीच्या आणि डीसीच्या रॉडा वेगळ्या डब्यांत, रंगीत टोक वर करून ठेवा, आणि खूण गेलेली रॉड सापडली तर ती महत्त्वाच्या जॉबला लावू नका.